गाडी लॉक केली की आवाजच येईना! गिऱ्हाइकाला सायरन विकण्याआधी काय तपासायचं?



कार ॲक्सेसरीजचं किंवा ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान टाकायचा विचार करताय, त्यांच्यासाठी आजचा विषय. व्हिडिओत मी गाडीवर सगळं करून दाखवलंय, पण तिथं कारणं आणि आकडे घाईत निघून जातात. म्हणून इथं जरा सविस्तर लिहितोय.

तक्रार एकदम साधी असते. "दादा, गाडी लॉक केली की आवाजच येईना." दुकान उघडल्यापासून पहिल्या महिन्याभरात हे वाक्य तुमच्या कानावर पडणार म्हणजे पडणार. आणि याला सगळ्यात सोपं उत्तर काय? "सायरन गेलाय साहेब, नवीन टाकूया." गिऱ्हाईक हो म्हणतं, अर्ध्या तासात आवाज यायला लागतो, गल्ल्यात पैसे पडतात. सगळे खूश.

पण समजा त्या गाडीचा मागचा डावा दरवाजा मुळात लॉकच होत नव्हता. आता गाडी छान 'ट्यूं' करते, दरवाजा मात्र उघडाच. गिऱ्हाईक आधी निदान शंका तरी घेत होतं, आता आवाज ऐकून निश्चिंत होऊन लग्नाच्या कार्यालयात जातं. मागच्या सीटवर दागिन्यांची पिशवी. पुढचं मी सांगायला नको.

म्हणून या तक्रारीत आपल्याला आधी एकच गोष्ट शोधायची आहे: गाडी खरंच लॉक होतेय का? आवाजाचं नंतर बघू.

कोणता आवाज? हे आधी विचारा

गिऱ्हाईक 'आवाज' म्हणतं तेव्हा त्याच्या मनात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, दरवाजाच्या आतून येणारा 'खट्' असा आवाज. हा लॉकच्या मोटरचा, ज्याला आपण ॲक्च्युएटर म्हणतो. दुसरा, छोट्या बझरचा 'बीप'. पुश बटन स्टार्टच्या बऱ्याच गाड्यांत हा बझर बाहेरच्या बाजूला बसवलेला असतो. तिसरा, गाडीच्या हॉर्ननेच केलेला छोटासा 'पी'. आणि चौथा, बाहेरून बसवलेल्या सिक्युरिटी सिस्टिमच्या सायरनचा.

यातला 'खट्' हा एकटाच लॉकचा स्वतःचा आवाज. बाकीचे तीन म्हणजे गाडीने दिलेली पोच. पोच मिळाली नाही म्हणजे काम झालं नाही असं नसतं, आणि पोच मिळाली म्हणजे सगळी कामं झाली असंही नसतं. बऱ्याच गाड्यांत लॉक झालं की नाही याची खबर कंट्रोल युनिटला फक्त ड्रायव्हरच्या दरवाजातून मिळते. बाकीच्या तीन दरवाजांना 'लॉक व्हा' असा हुकूम जातो, पण ते झाले की नाही हे परत कोणी विचारत नाही. मागचा ॲक्च्युएटर जळालेला असला तरी इंडिकेटर लागतात आणि बीपही येतो तो यामुळेच.

मग विचारायचं, "हा आवाज आधी येत होता का?" हसू नका. सेकंडहँड गाडी घेतलेले कितीतरी जण येतात, ज्यांच्या गाडीला मुळात आवाजच नाही. कंपनीच्या खालच्या व्हेरियंटमध्ये सेंट्रल लॉकिंग असतं, रिमोट असतो, पण अलार्म नसतो. फक्त इंडिकेटर लुकलुकतात. शेजाऱ्याची तीच गाडी वरच्या व्हेरियंटची, ती बीप करते. अशा गिऱ्हाइकाला बिघाड दुरुस्त करायचा नसतो, नवीन सोय हवी असते. तिथं तुम्ही सायरन विकलात तर तो चोख धंदा आहे. फक्त "तुमचं काही बिघडलेलं नाही, ही जादाची सोय आहे" हे स्पष्ट सांगून विका.

आणि तिसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात मोलाचा: "आवाज बंद व्हायच्या आधी गाडीचं काही काम केलं होतं का?" बॅटरी बदलली, इंजिन धुतलं, स्टिरिओ बसवला, समोरून ठोकल्यावर बंपर-बॉनेटचं काम झालं, पोरानं स्क्रीनवर सेटिंगशी खेळ केला. निम्मं निदान या उत्तरातच होऊन जातं. गिऱ्हाईक आधी "काही नाही" म्हणतं. जरा चहा सांगा, दोन मिनिटांत आठवतं.

पाच मिनिटांची चाचणी

आता गाडीकडे चला. गिऱ्हाइकाला सोबत घ्या, त्याच्यासमोरच करा.

ड्रायव्हरच्या दरवाजाची काच पूर्ण खाली घ्या. सगळे दरवाजे, डिकी, बॉनेट नीट लावा. किल्ली तुमच्या हातात, गाडीच्या बाहेर. रिमोटने लॉक दाबा आणि एका वेळी एकच गोष्ट बघा. पहिल्यांदा दाबताना फक्त कान द्या, 'खट्' येतो का. मग अनलॉक करून परत दाबताना फक्त इंडिकेटर बघा. तिसऱ्यांदा चारही दरवाजांच्या आतल्या लॉकच्या खुंट्या बघा. त्यानंतर प्रत्येक दरवाजाचं हँडल बाहेरून ओढून बघा, डिकीसकट.

इथं एक मेख आहे. कीलेस एंट्रीच्या काही गाड्यांत किल्ली जवळ असताना नुसतं हँडल धरलं तरी गाडी अनलॉक होते. मग तुम्हाला वाटतं लॉक होतच नाही. म्हणून लॉक केल्यावर किल्ली गिऱ्हाइकाकडे द्या, "काका, जरा त्या टपरीपर्यंत जाऊन थांबा" म्हणा, आणि मग हँडल ओढा.

गाडीला अलार्म असेल तर आणखी एक गोष्ट करून बघा. लॉक केल्यावर मिनिटभर थांबा, म्हणजे अलार्म पूर्ण चालू होईल. मग उघड्या काचेतून हात आत घालून आतल्या हँडलने दरवाजा उघडा. गाडी बोंबलली, तर हॉर्न किंवा सायरन, त्याची वायर, त्याचा फ्यूज सगळं ठणठणीत आहे. फक्त लॉकची पोच देणारा बीप बंद केलेला आहे, म्हणजे सेटिंगचं काम. या एका चाचणीत सायरन विकायचा की नाही याचा निकाल लागतो. शेजारच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

आता जे दिसलं त्याचा अर्थ लावू.

इंडिकेटर लागले, चारही दरवाजे पक्के, फक्त बीप नाही: गाडी सुरक्षित आहे. गिऱ्हाइकाला हे लगेच सांगा, त्याचा जीव भांड्यात पडतो. घाई नसलेलं काम.

दरवाजे लॉक झाले पण इंडिकेटरही नाही आणि बीपही नाही: बऱ्याच वेळा गाडीला कुठला तरी दरवाजा, डिकी किंवा बॉनेट उघडं वाटतंय. मीटरवर दरवाजा उघडा असल्याचं चिन्ह दिसतंय का बघा. आतला दिवा विझत नसेल तर तीच खूण. सीट बेल्टचं बक्कल दरवाजात अडकलेलं असणं, ओढणीचं टोक, जाड मॅट, असली कारणं रोजची आहेत.

'खट्' वाजून लगेच परत 'खट्', म्हणजे लॉक होऊन आपोआप उघडलं: दुसरी स्मार्ट किल्ली गाडीत राहिलीय का विचारा. ताईंच्या पर्समध्ये, डॅशबोर्डच्या कप्प्यात, डिकीतल्या बॅगेत. नसेल तर ड्रायव्हरच्या दरवाजाचा ॲक्च्युएटर किंवा त्यातला स्विच संशयित.

एकच दरवाजा उघडा राहतो: आवाज येवो न येवो, हे काम आज झालंच पाहिजे. गिऱ्हाईक "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणालं, तर तोपर्यंत त्या दरवाजाचं लॉक आतून हाताने कसं लावायचं ते दाखवून मगच गाडी सोडा.

आणि काहीच झालं नाही, म्हणजे खट्ही नाही, दिवेही नाहीत: आधी किल्लीकडे वळा.

किल्लीतला सेल

"सेल चांगला आहे की, गाडी चालू होतेय ना!" हे गिऱ्हाइकाचं पेटंट वाक्य. त्याला समजावून सांगता आलं पाहिजे. किल्लीत इमोबिलायझरची चिप असते. तिला किल्लीतल्या सेलची गरज नसते, गाडीकडून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती जागी होते. म्हणून सेल पूर्ण मेला तरी गाडी चालू होऊ शकते. पुश बटनच्या बऱ्याच गाड्यांत सेल संपल्यावर किल्ली बटनाला टेकवून गाडी चालू करता येते, तेही याच कारणाने. लॉक-अनलॉकचा रिमोट मात्र सेलवरच चालतो.

सेलचा नंबर बघून त्याच नंबरचा घाला. नंबरातच माप असतं. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. तो २०३२ च्या जागी बसल्यासारखा वाटतो, पण सैल राहतो आणि खड्ड्यातून गाडी गेली की संपर्क तुटतो. मग गिऱ्हाईक म्हणणार, "कधी आवाज येतो, कधी येत नाही."

मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दिसतो. २.८ च्या खाली असेल तर बदलाच. २.९ दिसला आणि रिमोट अगदी जवळूनच चालत असेल, तरीही एकदा नवा घालून बघा. मीटर सेलवर भार टाकत नाही, त्यामुळे थकलेला सेलही मीटरवर बरा दिसतो. किल्ली उघडताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला टेप गुंडाळा, नाहीतर शंभर रुपयांच्या कामात किल्लीच्या कडेला ओरखडा पडतो आणि बोलणी खावी लागतात. आणि जुना सेल काउंटरवर तसाच टाकून देऊ नका. दोन्ही बाजूंना टेप लावून डब्यात ठेवा. लहान मुलानं तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजू शकते. दुकानात गिऱ्हाइकाची पोरं येतात, हे विसरू नका.

दुसरी किल्ली मागवून तीही तपासा. दुसऱ्या किल्लीने सगळं नीट चालत असेल, तर गाडीला हात लावायचं कारणच उरत नाही. आणि यात गिऱ्हाइकाचाही फायदा आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी दोन्ही किल्ल्या मागते. शिवाय गाडीच्या सुरक्षेसाठी मालकाने वाजवी काळजी घ्यावी अशी अटच पॉलिसीत असते. "दुसरी किल्ली कुठंय आठवत नाही" म्हणणाऱ्याला तुम्ही हे सांगितलंत तर तो घरी जाऊन कपाट उपसतो.

सेल नवा, दोन्ही किल्ल्यांचं तेच, तर जागा बदलून बघा. आपल्याकडच्या बहुतेक रिमोटची लहर ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. शटरचे, गेटचे, वायरलेस बेलचे कितीतरी रिमोट त्याच पट्ट्यात चालतात. एखादा खराब होऊन सतत लहर सोडत बसला की त्या गल्लीत गाड्यांचे रिमोट चालत नाहीत. गिऱ्हाईक "फक्त ऑफिसच्या पार्किंगमध्येच होतंय" म्हणत असेल तर हे आठवा. चोरसुद्धा हीच युक्ती वापरतात: मालक रिमोट दाबतो तेव्हा जॅमरने लहर अडवायची, मालक न बघता निघून जातो, गाडी उघडी. आवाजाची पोच कामाची ती इथं. चालता चालता मागे न बघता बटन दाबायची सवय असलेल्यांना तर बीप हवाच.

गाडीच्या मुख्य बॅटरीचंही एकदा बघून घ्या. इंजिन बंद ठेवून थोडा वेळ गेल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्म्यावर, १२ च्या खाली गेली तर आधी बॅटरी, मग बाकी सगळं.

दिवे लागतात, बीप नाही

बहुसंख्य गाड्या या प्रकारात येतात, आणि इथं तुमचा खर्च शून्य आहे.

गाडीचं मॅन्युअल काढा. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पाकिटात असतं, बहुतेक मालकांनी उघडलेलंही नसतं. कंपनीच्या साइटवरही मिळतं. दरवाजे किंवा लॉकच्या सेटिंगमध्ये बीपचा, बझरच्या आवाजाचा किंवा हॉर्न फीडबॅकचा पर्याय शोधा. काही गाड्यांत तो टचस्क्रीनवर असतो, काहींत मीटरमधल्या छोट्या स्क्रीनवर, स्टिअरिंगवरच्या बटनांनी जायचं. ह्युंदाईच्या काही मॉडेलमध्ये हॉर्न फीडबॅक चालू असला तरी पहिल्या दाबण्याला आवाज येत नाही. लॉक दाबल्यावर ४ सेकंदांच्या आत परत लॉक दाबायचं, मग वाजतं. हे माहीत नसलेला माणूस दिवसभर वायरी तपासत बसेल.

सेटिंग चालू आहे तरी बीप नाही, तर स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबा. तो वाजला नाही तर फ्यूज बघा. फ्यूजच्या रंगावरून ॲम्पियर कळतो: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जेवढ्याचा होता तेवढ्याचाच टाका. लाल उडाला म्हणून पिवळा टाकणारे महाभाग प्रत्येक बाजारपेठेत आहेत. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो मोठा टाकला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

हॉर्न वाजतोय पण बीप नाही आणि त्या गाडीला वेगळा बझर आहे, तर बझरचा कपलर काढून त्यात पाणी किंवा हिरवट गंज चढलाय का बघा. प्रेशर वॉशिंगनंतर हे हमखास होतं.

बॉनेटचा स्विच हा विसरला जाणारा भाग. अलार्म असलेल्या गाड्यांत बॉनेटच्या लॅचपाशी एक स्विच असतो. धूळ, गंज किंवा ठोकल्यानंतरच्या कामात तो वाकडा झाला की गाडीला बॉनेट कायम उघडं वाटतं. मग ती लॉक होते, पण अलार्म चालू करत नाही आणि पोचही देत नाही. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा, स्विच चार-पाच वेळा हाताने दाबणं, लॅच जागेवर आणणं, बस. डिकीच्या लॅचचंही असंच.

बाहेरून बसवलेली सिस्टिम असेल तर

जुन्या गाड्यांना, किंवा शोरूममधून निघताना डीलरने बसवून दिलेल्या सिस्टिमच्या गाड्यांना कंपनीच्या मॅन्युअलचा उपयोग नाही. यात मूक मोड असतो. रिमोटवर घंटीवर काट मारल्याचं चित्र असलेलं बटन बघा. खिशात चुकून दाबलं गेलं की पुढच्या वेळी गाडी आवाज न करता लॉक होते. काही सिस्टिममध्ये व्हॅले मोडही असतो, गाडी गॅरेजला देताना अलार्म बंद ठेवण्यासाठी. तो चालू राहिला तर दरवाजे लॉक होतात, पण राखण करायला कोणी नाही.

मोड ठीक असेल तर सायरन बॉनेटखाली शोधा. त्याचा कपलर काढून टेस्ट लॅम्प लावा आणि कोणाला तरी लॉक दाबायला सांगा. दिवा क्षणभर लागला, म्हणजे हुकूम सायरनपर्यंत पोचतोय आणि सायरन मेलाय. आता नवा विका, बिनधास्त. दिवा लागला नाही तर वायर किंवा कंट्रोल बॉक्सचा दोष आहे. नवा सायरन टाकून काहीच होणार नाही. नवा बसवताना त्याचं तोंड खाली ठेवा. वर तोंड करून बसवलेला सायरन म्हणजे पावसाळ्यात पाण्याची वाटी.

आणि हो, कुत्र्याचं भुंकणं, गाण्याची धून, वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न मागणारी पोरं येतील. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम अशा बहुसुरी हॉर्नला परवानगी देत नाही. सरळ नाही म्हणा. उलट काही जण आवाज बंद करून घ्यायला येतात, रात्री सोसायटीत भांडणं होतात म्हणून. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरली आहे, निवासी भागात त्या वेळेत हॉर्न वाजवायलाही मनाई आहे. त्यामुळे त्यांची मागणी रास्त आहे. सेटिंगमधून बीप बंद करून द्या, वायर कापून नको. वायर कापली तर खरी चोरी होतानाही गाडी गप्प बसेल.

पैसे किती आणि कशाचे?

आता धंद्याचं बोलू. "सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागली, त्याचे काय पैसे घ्यायचे?" असं नवीन दुकानदाराला वाटतं. बाजारातले जुनेजाणते पण सांगतात, फुकट करून द्या, गिऱ्हाईक बांधलं जातं. मला हे पटत नाही, आणि कारण साधं गणित आहे.

समजा भाडं १८,०००, एका इलेक्ट्रिशियन पोराचा पगार १५,०००, लाइट-फोन-चहा ३,०००. महिन्याचे ३६,००० झाले. महिन्याला २६ दिवस, दिवसाला ८ तास धरले तर २०८ तास. म्हणजे दुकान नुसतं उघडं ठेवायला तासाला साधारण १७३ रुपये लागतात. वर सांगितलेली तपासणी नीट केली तर वीस मिनिटं जातात. त्याचे ५८ रुपये तुमच्या खिशातून गेले, तुमची स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही. फुकट तपासणी करणारा दुकानदार हे ५८ रुपये कुठून तरी काढणारच. कुठून? नको असलेला सायरन विकून. फुकट तपासणी करायची ठरवलीत की माल खपवायचा मोह तुम्ही स्वतःच दारात उभा करता.

सांगलीच्या आमच्या दुकानात तपासणीचे १५० रुपये आहेत आणि तशी पाटी लावलीय. काम निघालं तर ते मजुरीत वळते करतो. सेल बदलायचे वेगळे, सेलच्या छापील किमतीइतकेच. गाडीला हात लावायच्या आधी हे सांगायचं, नंतर नाही. घासाघीस होते. एखादा "दीडशे रुपये नुसतं बघायचे?" म्हणून निघूनही जातो, जाऊ द्या. जो थांबतो त्याला बिलावर लिहून द्या: 'चार दरवाजे व डिकी लॉक तपासले, ठीक. बीपची सेटिंग बंद होती, चालू केली.' गाडी नंबर आणि तारीख टाका. कार्बन कॉपी आपल्याकडे. हे बिल तुमचंही संरक्षण करतं. उद्या त्याच गाडीतून काही चोरीला गेलं आणि तो तुमच्या दारात आला, तर त्या दिवशी काय तपासलं होतं हे कागदावर आहे.

सुरुवातीला सामान किती घ्यायचं? चांगला मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, ट्रिम काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, सगळ्या ॲम्पियरचे फ्यूज, चार-पाच नंबरचे सेल, काँटॅक्ट क्लीनर. बस. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर घेऊन "आता सगळं कळेल" अशा भ्रमात राहू नका. ती यंत्रं बहुतेक इंजिनचे कोड वाचतात. लॉक, बझर, दरवाजे हा सगळा कारभार बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे असतो आणि तिथपर्यंत ती सहसा पोचत नाहीत. बॉडीपर्यंत जाणारा स्कॅनर महाग असतो. आधी गिऱ्हाईक जमवा, मग घ्या.

कुठं थांबायचं?

गाडी वॉरंटीत आहे आणि दोष सेटिंग, सेल, फ्यूज यापलीकडचा आहे, तर वायरला ब्लेड लावू नका. कापलेली वायर दिसली की कंपनीचं सर्व्हिस सेंटर त्या भागाची वॉरंटी नाकारू शकतं, आणि बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल. अशा गाडीला काही बसवायचंच असेल तर त्याच मॉडेलचा कपलरवाला हार्नेस मिळतो का बघा, नाहीतर काम सोडा.

गाडी सर्व्हिस सेंटरला पाठवताना नुसतं "तिकडं दाखवा" म्हणू नका. चिठ्ठी द्या: दोन्ही किल्ल्यांचे सेल नवे, बॅटरी १२.५ व्होल्ट, हॉर्न चालू, सेटिंग चालू, मीटरवर बॉनेट उघडं दाखवतंय. सर्व्हिस ॲडव्हायझरसमोर गिऱ्हाइकाला नीट बोलता येतं, उगाच भलतं काम माथी मारलं जात नाही, आणि तपासणीचे दीडशे रुपये कशाचे दिले हेही त्याला कळतं. चिठ्ठीच्या खाली दुकानाचा शिक्का मारा.

पुढच्या व्हिडिओत मागच्या दरवाजाचा ट्रिम न तोडता काढून ॲक्च्युएटर कसा बदलायचा ते दाखवतो. त्याच्या क्लिपा आधीच आणून ठेवा, दोन-चार तरी तुटतातच.